दोन याद्या : मार्च २०२० मधल्या पुण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

मार्च २०२०च्या मध्यावर पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका गृहनिर्माण सोसायटीने दोन याद्या केल्या. पहिली यादी होती गेटच्या आत कोणाला घ्यायचं नाही याची. ती एका संध्याकाळी तयार झाली. दुसरी होती कोणत्या घराचं कोणावाचून अडतं याची. ती पुरी होईपर्यंत देशभर लॉकडाउन लागलेला होता. हा क्रम उलटा असता तर त्या पंधरवड्यात माणसांना जे सोसावं लागलं, त्यातलं पुष्कळसं टळलं असतं असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

सोसायटी मध्यम आकाराची, चार विंगची, फ्लॅट शंभराच्या आत. निम्म्याहून अधिक घरांत ज्येष्ठ नागरिक. बऱ्याच जणांची मुलं बंगळुरूला किंवा परदेशात. धुणीभांडी, स्वयंपाक, रुग्णाची शुश्रूषा यांसाठी येणाऱ्या बायका मुख्यतः जनता वसाहत आणि दांडेकर पूल भागातल्या वस्त्यांतल्या. मी त्या सोसायटीत राहत नाही. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी आरोग्यविषयक प्रशिक्षणं घेताना हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. गेटचं रजिस्टर, ग्रुपवरचे निरोप आणि तिथल्याच एका निवृत्त परिचारिकेने (त्यांना सगळे सिस्टर म्हणत) ठेवलेली दोनशे पानी वही मला पाहायला मिळाली. संबंधितांशी बोलणंही झालं. कोणाची ओळख पटू नये म्हणून सगळ्यांचा उल्लेख त्यांच्या कामावरून किंवा नात्यावरूनच करते.

होळीची संध्याकाळ

सोमवार, ९ मार्च. होळी. त्या संध्याकाळी बातमी आली की पुण्यात कोरोनाचे दोन रुग्ण सापडले आहेत. महाराष्ट्रातले हे पहिलेच. दुबईची सहल करून १ मार्चला परतलेलं जोडपं, आणि त्यांना डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयात ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, त्यांची मुलगी, सहलीतला एक सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक यांचेही अहवाल पॉझिटिव्ह आले. जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली ती त्यानंतर, ११ मार्चला.

सोसायटीच्या ग्रुपवरचे त्या दोन दिवसांतले निरोप मी ओळीने वाचले. पहिला प्रश्न होता, ‘ते लोक कोणत्या सोसायटीतले?’ त्याखाली तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा. आजार कसा पसरतो, लक्षणं काय, ताप आला तर कुठे जायचं, हे विचारणारा निरोप यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तोवर त्या कुटुंबाची माहिती म्हणून बरंच काही गावभर फिरलं होतं. घाबरलेल्या माणसाला धोक्याचा पत्ता हवा असतो हे मी समजू शकते. पण पत्ता मिळाला की आपण सुरक्षित झालो असं वाटायला लागतं, आणि खरी काळजी घ्यायची राहून जाते. या सोसायटीत तेच झालं.

१३ मार्चला रंगपंचमी होती. मुलांचा कार्यक्रम रद्द केला, तो निर्णय योग्यच. त्याच दिवशी राज्य सरकारने १८९७चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला आणि पुण्या-मुंबईसह काही शहरांतली चित्रपटगृहं, व्यायामशाळा, तरणतलाव मध्यरात्रीपासून बंद झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या शाळांनाही सुटी मिळाली. दहावी-बारावीच्या परीक्षा मात्र चालू राहिल्या.

या कायद्याचं आणि पुण्याचं नातं जुनं आहे. १८९७ साली प्लेगच्या वेळी रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या कमिटीचे सोल्जर घराघरांत शिरून रुग्ण शोधत होते, आणि त्या धास्तीने लोक घरातला आजारी माणूस लपवत होते. त्याच साली १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. एकाच साथीत, एकाच शहरात दोन वाटा दिसल्या होत्या: रुग्णाला हुडकून ओढून नेण्याची आणि रुग्णाजवळ जाण्याची. लपवालपवी पहिल्या वाटेमुळे वाढते. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

जर्मनीहून आलेला शेजारी

शनिवारी, १४ मार्चला, बी विंगमधला एक इंजिनिअर कंपनीच्या कामावरून जर्मनीहून परतला. केंद्र सरकारच्या सूचनेनुसार १३ मार्चपासून चीन, इटली, इराण, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी या देशांतून येणाऱ्यांना किमान चौदा दिवस विलगीकरण सांगितलेलं होतं. हा मुलगा तसा घरीच राहिला. घरात त्याची आई. निघण्याआधीच त्याने कामाच्या मावशींना फोन करून सांगितलं होतं, ‘मावशी, मी येतोय, तुम्ही महिनाभर येऊ नका. पगार चालू राहील.’ आईने वेगळी खोली दिली, भांडी वेगळी केली. खरं तर नियमापेक्षा जास्तच केलं.

पण बी विंगला हे कोणी सांगितलं नाही. त्यानेही नाही, सचिवांनीही नाही. मग ग्रुपवर गोष्ट तयार झाली: तो लिफ्टने फिरतो, त्यांच्या मावशी त्याच्या घरून निघून आणखी चार घरांत जातात. राज्यात घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचं १७ मार्चच्या सुमारास सुरू झालं, तेव्हा नवी शंका निघाली: याच्या हातावर शिक्का नाही, म्हणजे हा लपवतोय. तो शिक्का सुरू होण्याआधी आला होता, एवढी साधी तारीख जुळवून पाहायला कोणाला सुचलं नाही. मावशी त्या घरी गेल्याच नव्हत्या, हे गेटच्या रजिस्टरमध्ये स्वच्छ दिसत होतं. तेही कोणी उघडलं नाही.

त्याआधीच, रविवारी, १५ मार्चला संध्याकाळी पार्किंगमध्ये कमिटीची तातडीची सभा झाली. ठराव असा: सोमवारपासून कामाच्या बायका, ड्रायव्हर, इस्त्रीवाले, कुरिअर, घरपोच जेवण आणणारी मुलं, सगळ्यांना प्रवेश बंद. दूध आणि पेपर गेटवर ठेवायचे. पगाराबद्दल ठरावात एक शब्द नव्हता. हा ठराव माणसांना समजावून सांगायचं काम वॉचमनकाकांकडे आलं, कारण सकाळी सातला गेटवर तेच उभे असणार होते.

एक गोष्ट नमूद करायला हवी. कमिटीतली माणसं निर्दय नव्हती. सचिवांच्या स्वतःच्या घरी हृदयाचं ऑपरेशन झालेले वडील होते. कोणाला काही झालं तर आपल्याला जाब विचारतील, ही त्यांची धास्ती खरी होती. आणि त्या आठवड्यात कोणाकडेच पक्की उत्तरं नव्हती. पण बंदीच्या ठरावात एक सोय असते. ती घातली की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि तिची किंमत सभेला न बोलावलेली माणसं मोजतात.

सोमवारची सकाळ

१६ मार्चला सकाळी गेटवर तीसेक बायका थांबल्या होत्या. त्यांना आदल्या दिवशी कळवलंच नव्हतं. ज्या मावशींबद्दल ग्रुपवर चर्चा चालली होती, त्यांनी वॉचमनकाकांना विचारलेला प्रश्न सिस्टरांच्या वहीत लिहून ठेवलेला आहे: ‘मी काय परदेशात गेले होते का? जे गेले ते वर, नि आमाला गेट बंद?’ वॉचमनकाकांकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे रजिस्टर पुढे केलं आणि थांबलेल्या प्रत्येकीकडून एकाच पेनाने नाव, वेळ लिहून घेतलं. तेच पेन पुढे दिवसभर पाण्याचा टँकर आणणाऱ्यापासून सोसायटीतल्या सभासदांपर्यंत सगळ्यांच्या हातांतून फिरलं. संसर्ग रोखायचाच होता तर सुरुवात त्या पेनापासून करायला हवी होती.

खरी अडचण ए विंगमध्ये झाली. तिथल्या एका आजींचे पती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. लघवीची नळी लावलेली, दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागे. आजी स्वतः पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी अधू. रात्रपाळीच्या बाई पहाटे निघून गेल्या आणि दिवसपाळीच्या बाईंना गेटवर अडवलं. आजींना ठरावाची माहिती नव्हती, त्या ग्रुपवर नव्हत्या. दहा वाजेपर्यंत वाट पाहून त्यांनी शेवटी सी विंगमधल्या सिस्टरांना फोन केला.

या सिस्टर सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. त्या खाली उतरल्या आणि वॉचमनकाकांना म्हणाल्या, ‘काका, रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहा. माझ्या जबाबदारीवर सोडा.’ बाईंना गेटजवळच्या नळावर साबणाने हात धुवायला लावले, घरात कोणाला ताप-खोकला आहे का विचारलं आणि वर नेलं. साबणाचं कारणही तिथल्या तिथे सांगितलं: या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, म्हणून वीस सेकंद नीट चोळायचे. इतर बायकांनीही ते ऐकलं. त्या आठवड्यात त्यांना आजाराबद्दल कोणी समोर उभं राहून सांगितलेली ही पहिली गोष्ट होती.

संध्याकाळी सिस्टर सचिवांकडे गेल्या. भांडायला नाही, वही मागायला. कोणत्या घरी कोण एकटं आहे, कोणाचं औषध कधी संपतं, कोणाकडे कोण येतं आणि ते माणूस न आल्यास काय अडतं, हे लिहून काढायची परवानगी त्यांनी मागितली. सचिव म्हणाले, ‘सिस्टर, हे आधीच करायला हवं होतं.’ वही मंगळवारी सुरू झाली.

वहीत काय होतं

वहीच्या पुढच्या पानांवर विंगवार नोंदी आहेत. पासष्टीच्या पुढचे, एकटे राहणारे, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे एक काका, माहेरी बाळंतपणाला आलेली एक मुलगी, इन्सुलिन घेणारे. डायलिसिसच्या काकांचा ड्रायव्हर ठरावामुळे बंद झाला होता आणि त्यांनी लाजेखातर कोणाला सांगितलं नव्हतं. पलीकडच्या विंगमधला कॉलेजचा मुलगा त्यांना गाडीने न्यायला लागला. या एका नोंदीसाठीसुद्धा वही सार्थकी लागली असं मी म्हणेन.

मागच्या पानांवर प्रश्न आहेत. सिस्टर फोनवर किंवा दारातून जे विचारलं जाई ते तारीख घालून लिहीत. पुढे उत्तर, आणि ते कोणाकडून मिळालं तेही. काही ठिकाणी स्वच्छ अक्षरात ‘आज माहीत नाही’. हे तीन शब्द त्या काळात फार थोड्या लोकांनी उच्चारले.

सगळ्यात जास्त प्रश्न चिकनबद्दल आहेत. फेब्रुवारीपासूनच कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली होती. पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले, काहींनी कोंबड्या मिळेल त्या भावात विकल्या. पशुसंवर्धन विभागाने संबंध नसल्याचं सांगूनही लोकांचा विश्वास बसेना. सिस्टरांचं उत्तर: हा आजार माणसाकडून माणसाला होतोय, नीट शिजवलेलं चिकन खायला हरकत नाही. याच्याच खालचा प्रश्न एका सासूबाईंचा: ‘सून म्हणते भाजी साबणाने धुवा. पोटात साबण गेला तर?’ उत्तर: भाजीला साबण नको, वाहत्या पाण्याने धुवा, साबण आपल्या हातांना.

पेपर घ्यायचा का, दुधाच्या पिशवीचं काय, लिफ्टचं बटण कशाने दाबायचं, हे प्रश्न १७ मार्चनंतर वाढलेले दिसतात. विषाणू प्लॅस्टिक-स्टीलवर तीन दिवसांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर दिवसभर टिकू शकतो, असं एका प्रयोगातून त्याच सुमारास प्रसिद्ध झालं होतं. प्रयोगशाळेत टिकणं आणि तेवढ्यावरून घरात आजार होणं या वेगळ्या गोष्टी, हा फरक बातमीत राहत नव्हता. पुढे हवेतून, बंदिस्त जागेत होणारा प्रसार जास्त महत्त्वाचा ठरला. त्या वेळी सिस्टरांनी एवढंच लिहिलं: वस्तू हाताळल्यावर हात धुवा, तोंडाला हात लावू नका, बाकी घाबरू नका.

मास्कची नोंद मला सगळ्यात शिकवणारी वाटते. १८ मार्चची नोंद: ‘निरोगी माणसाला घरात मास्कची गरज नाही असं सध्या सांगतात. खोकला असेल तर आणि रुग्णाची सेवा करणाऱ्याने लावावा.’ तेव्हा मास्कची टंचाई होती. केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर १३ मार्चला जीवनावश्यक वस्तूंत घातले, आणि २१ मार्चला दर बांधून दिले: दोन पदरी मास्क आठ रुपये, तीन पदरी दहा, २०० मिलीची सॅनिटायझरची बाटली शंभर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरकारी सल्ला बदलला, घरगुती मास्क सगळ्यांनी वापरावा असं आलं आणि लवकरच पुण्यात तो सक्तीचा झाला. पुष्कळ ठिकाणी लोक चिडले, आधी एक सांगता, नंतर दुसरं सांगता म्हणून. या सोसायटीत तशी चिडचिड फारशी झाली नाही. कारण पहिल्या उत्तरातच ‘सध्या’ होतं आणि पुढे तारीख होती. नवं उत्तर त्याच पानावर खाली लिहिलं, जुनं खोडलं नाही. लोकांना बदललेला सल्ला पचतो, फक्त तो बदलला हे त्यांना सांगावं लागतं. आपल्या सार्वजनिक यंत्रणांनी या एका गोष्टीकडे फार कमी लक्ष दिलं, याची मला आजही खंत वाटते.

एक नोंद दहावीच्या मुलाची आहे: ‘भूगोलाचा पेपर होणार का?’ उत्तराच्या जागी ‘आज माहीत नाही’. २३ मार्चचा तो पेपर आधी पुढे गेला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला.

खोकला आणि शेजार

वही सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांतच जर्मनीहून आलेल्या मुलाच्या आईने सिस्टरांना फोन केला. आवाज दबका. त्यांना खोकला येत होता. मुलालाही त्यांनी नीट सांगितलं नव्हतं. खिडक्या बंद करून त्या खोकत होत्या, शेजारी ऐकतील म्हणून.

सिस्टरांनी आधी विचारलं, ताप आहे का, दम लागतो का, आणि मग, हा खोकला पूर्वी कधी यायचा का. बाईंना जुना दमा होता. इनहेलर चार दिवसांपूर्वी संपला होता. मुलगा विलगीकरणात, त्यामुळे बाहेर जाता येत नव्हतं. शेजारी कोणाला औषध आणायला सांगावं तर ‘यांच्या घरात खोकला’ हे ग्रुपवर जाणार. सिस्टरांनी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, १०४ या शासकीय हेल्पलाइनचा क्रमांक दिला, इनहेलर आणून दाराबाहेर ठेवला आणि पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ फोन केला. ताप आला नाही. खोकला कमी झाला. मुलाचे चौदा दिवस काही न होता संपले.

हा भाग मी प्रशिक्षणात नेहमी सावकाश सांगते. त्या बाईंना कोरोना झाला असता तर? त्यांनी खिडक्या बंद करून तो तितकाच लपवला असता. बी विंगने ज्या धास्तीपोटी त्या घराकडे संशयाने पाहिलं, त्या संशयानेच संसर्ग लपून पसरण्याची सोय केली होती. १८९७मध्ये लोक सोल्जरांपासून लपवत होते, इथे शेजाऱ्यांपासून. आजारी माणसाला सांगावंसं वाटणं हीच कुठल्याही साथीतली पहिली तपासणी. प्रयोगशाळा त्यानंतर येते. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारखी प्रयोगशाळा होती, २३ मार्चला इथल्याच मायलॅबच्या देशी बनावटीच्या चाचणी किटला मान्यताही मिळाली. पण किट नाकापर्यंत पोहोचायला आधी दार उघडावं लागतं.

यादी गेटबाहेर गेली

२० मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पुण्यासह मोठ्या शहरांतली जीवनावश्यक नसलेली दुकानं आणि खासगी कार्यालयं ३१ मार्चपर्यंत बंद ठेवायला सांगितलं. २२ला जनता कर्फ्यू झाला. त्या आधी फिरलेला निरोप, विषाणू बारा तास जगतो म्हणून चौदा तास घरात बसलं की साखळी तुटेल, हा वहीत आहे. त्यापुढे सिस्टरांनी लिहिलंय की लक्षणं दिसायलाच चौदा दिवस लागू शकतात, त्यामुळे एका दिवसाने साखळी तुटणार नाही. संध्याकाळी पाचला टाळ्या-थाळ्या वाजवायला मात्र बरेच सभासद खाली उतरून घोळक्याने उभे राहिले. कृतज्ञता मनापासूनची होती. ती गॅलरीतून व्यक्त झाली असती तर बरं झालं असतं.

२३ला राज्यभर संचारबंदी. २४ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांचा लॉकडाउन जाहीर केला. आता आजींच्या घरी येणाऱ्या दिवसपाळीच्या बाईंसमोर प्रश्न होता: रोज पोलिसांना तोंड देत यायचं, की इथेच राहायचं? सिस्टरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘मी राहते ताई. आजोबांना टाकून कशी जाऊ? पण माझ्या सुनेकडं किराणा कोण भरणार? अन् आमच्याकडं संडास सगळ्यांचा एकच, तिथं कोण काय काळजी घेतंय?’

या दोन वाक्यांनी वहीचा नकाशा बदलला. तोवर ‘कोणत्या घराचं कोणावाचून अडतं’ याचा अर्थ सोसायटीतली घरं असाच होता. आता नवं पान उघडलं: इथे काम करणाऱ्या बायकांची घरं. घरात माणसं किती, कमावणारं कोण, रेशनकार्ड आहे का, कोणाला औषध लागतं. गुढीपाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला, पुण्यातलं ते पहिलं जोडपं बरं होऊन घरी गेल्याची बातमी आली. त्याच दिवशी सोसायटीने वर्गणी काढून किराण्याची पहिली पाकिटं भरली. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साबण. पाकिटात साबण घालायला सिस्टरांनी सांगितलं. सार्वजनिक शौचालयावर अवलंबून असलेल्या वस्तीला साबण पाठवणं हे दया म्हणून नव्हे, साथीचा उपाय म्हणून आवश्यक होतं. ती वस्ती आणि ही सोसायटी एकाच साथीत होत्या.

पगाराचं चित्र इतकं समाधानकारक नाही. मार्चचा पगार बहुतेकांनी पूर्ण दिला. एप्रिलमध्ये देणारे कमी झाले, मेमध्ये आणखी कमी. काहींचे स्वतःचे पगार कापले गेले होते, हे मान्य. पण ज्यांचं उत्पन्न तसूभर घटलं नव्हतं अशाही घरांनी ‘काम नाही तर पगार कशाचा’ असं म्हटलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, तरी घरातल्या कामाचा करार तोंडी आणि एका बाजूच्या मर्जीचा. साथीने ते उघडं पाडलं.

वॉचमनकाका

या प्रकरणात एक घर कोणत्याच यादीत आलं नाही. वॉचमनकाका मीटरच्या खोलीशेजारी राहत. मूळचे बीड जिल्ह्यातले, कुटुंब गावी. जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीत. खानावळ बंद झाली आणि काका चहा-बिस्किटांवर आले. गेटवरून ये-जा करणाऱ्या एकाही माणसाला ते कळलं नाही, कारण सगळे त्यांना विचारत होते ते ‘कोण आलं होतं?’ एवढंच. शेवटी आजींच्या घरी राहिलेल्या बाईंना ते दिसलं. त्या रोज रात्री आजोबांचा कचरा पिशवी बांधून खाली आणत. त्यांनी आजींना सांगितलं, आजींनी चार पोळ्या जास्त करायला लावल्या, आणि मग विंगवार डबा सुरू झाला.

मला हा तपशील सगळ्यात बोचतो. ज्या माणसाने बंदी राबवली, बायकांची बोलणी खाल्ली, दिवसभर प्रत्येकाच्या संपर्कात राहिला, त्याला ना मास्क मिळाला होता ना जेवण. दुसऱ्या यादीतली ही मोठी उणीव. ‘कोणाचं अडतं’ हे विचारताना ज्याच्यामुळे आपलं अडत नाही तो माणूस नजरेतून निसटला.

पुढे काय झालं

सर्वसाधारण सभा पुष्कळ उशिरा, ऑनलाइन झाली. सिस्टर आणि सचिव यांनी मिळून तीन ठराव मांडले. अडीअडचणीची यादी दरवर्षी जानेवारीत ताजी करायची आणि ती सचिव व विंगमधला एक सभासद यांच्याकडेच ठेवायची, ग्रुपवर टाकायची नाही. हा मंजूर झाला. वॉचमनच्या जेवणाची सोय आणि आजारपणाची रजा देखभाल खर्चात धरायची, हाही मंजूर झाला. त्यावर चर्चा करावी लागली नाही.

तिसरा ठराव होता साथ, पूर किंवा सरकारी आदेशामुळे काम बंद पडलं तर घरकामगारांना किमान दोन महिने पगार द्यायचा. यावर तासभर वाद झाला. खजिनदारांचा आक्षेप असा की एक बाई पाच घरी काम करते, काही भाडेकरू, काही मालक; सोसायटी म्हणून हे बंधन कोणावर आणि कसं घालायचं? आक्षेप रास्त आहे. सिस्टरांनी सुचवलं की प्रत्येक घराने आपल्या घरापुरता पगार द्यावा, ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्यासाठी सोसायटीचा छोटा निधी असावा, आणि बंदीचा कोणताही ठराव करताना पगाराचं कलम त्यातच लिहिलेलं असावं, नाहीतर तो ठराव सभेपुढे घेऊच नये. शेवटची अट काहींना फार कडक वाटली. मला ती तिन्हींत सर्वांत मोलाची वाटते, कारण तीच दुसरी यादी पहिलीच्या आधी करायला लावते. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. खजिनदार आणि सिस्टर दोघांनी मिळून मसुदा करायचं ठरलं आहे.